परदेशी शिकारीला निघताय? आधी परतीचं बघा

बंदूक मी कधी चालवली नाही. माझ्याकडे कागदांचं काम आहे. शिकारीला परदेशी जाणाऱ्या लोकांचे परवाने, व्हिसा, विमानं, आउटफिटरशी (तिथे शिकार आयोजित करणाऱ्या कंपनीशी) करार, आणि गाडं कुठे अडलंच तर रात्री-बेरात्री फोन, हे सगळं मी बघते. त्यामुळे पुढे कुठल्या गोळीने कुठला प्राणी पडतो याचा एक शब्दही नाही. ते सांगणारे खूप आहेत. सरकार बदलतंय, सीमा बंद होतायत, विमानं वळवली जातायत, अशा दिवसांत ट्रिप कशी आखायची, एवढंच सांगते.

नवीन माणूस फोन करतो तेव्हा पहिलं वाक्य बहुधा ठरलेलं असतं: "कुडू हवाय" किंवा "यंदा म्हैस करायचीच." (कुडू म्हणजे आफ्रिकेतलं मोठं हरीण, म्हैस म्हणजे तिथली रानम्हैस.) मी विचारते, "तारखा चार महिने पुढे गेल्या तर चालेल?" यावर समोरचा गप्प होतो. पण माझ्या मते सगळी आखणी याच प्रश्नापासून सुरू होते. काय हलू शकतं, काय हलू शकत नाही, आणि हलवायला किती पैसे पडतात? ही तीन उत्तरं हातात नसतील तर प्राण्याची निवड लांब राहू द्या.

देश आणि प्राणी

शिकारीचा कायदा एका सहीने बदलतो. भारतात १९७२ च्या कायद्याने शिकार बंद झाली, केनियात १९७७ मध्ये. हे जुने निर्णय झाले, त्यांत आता कोणाची फसगत होत नाही. फसगत होते ती बोट्सवानासारख्या ठिकाणी. तिथे जानेवारी २०१४ मध्ये शिकार बंद झाली, मे २०१९ मध्ये बंदी उठली, फेब्रुवारी २०२० मध्ये हत्तींच्या परवान्यांचा लिलाव झाला आणि पुढच्याच महिन्यात कोविडमुळे सीमा मिटल्या. ज्यांनी लिलावातले परवाने धरून बुकिंग केलं होतं त्यांचा अख्खा हंगाम बसून गेला. यात कुणीच कुणाला फसवलं नव्हतं. तरी पैसे अडकले ते अडकलेच.

म्हणून देश ठरवताना मी दोन कॅलेंडरं शेजारी शेजारी ठेवते: शिकारीच्या हंगामाचं आणि निवडणुकांचं. टांझानियाचा हंगाम १ जुलैला सुरू होतो, नामिबियाचा १ फेब्रुवारी ते ३० नोव्हेंबर. आता टांझानियात २९ ऑक्टोबर २०२५ ला निवडणूक झाली, म्हणजे ऐन हंगामात. त्या दिवशी देशभर इंटरनेट बंद पडलं आणि दार-एस-सलाममध्ये संचारबंदी लागली. मोझांबिकमध्ये ९ ऑक्टोबर २०२४ च्या मतदानानंतर आंदोलनं इतकी चिघळली की नोव्हेंबरमध्ये दक्षिण आफ्रिकेला लेबोंबोचं सीमानाकं पुन्हा पुन्हा बंद करावं लागलं. दक्षिण मोझांबिकमधून गाडीने परतणारे बरेचसे याच नाक्यावर येतात. मतदानाची तारीख महिनोन्‌महिने आधी जाहीर असते. तिच्या आधीचे दोन आठवडे आणि नंतरचे सहा आठवडे मी मोकळे सोडते. नंतरचे जास्त, कारण टांझानियासारखी गडबड मतदानाच्याच दिवशी क्वचित होते. निकाल लागला की होते.

मध्य आशियात आयबेक्स (डोंगरी रानबोकड) किंवा मार्को पोलो मेंढ्यासाठी जाणाऱ्यांना वाटतं, तिकडे डोंगरात कसली निवडणूक आलीय! किर्गिझस्तानात ऑक्टोबर २०२० मध्ये संसदेच्या निकालावरून उठाव झाला आणि राष्ट्राध्यक्षांना पायउतार व्हावं लागलं. कझाकस्तानात जानेवारी २०२२ मध्ये अल्माटीचा विमानतळ काही दिवस बंद होता. त्याच वर्षी मे महिन्यात ताजिकिस्तानच्या गोर्नो-बदख्शान भागात रक्तपात झाला, आणि पामिरचा मेंढा म्हणतात तो याच भागातला. कॅम्पवर कदाचित यातलं काहीच कळत नाही. कॅम्पकडे जाणारा रस्ता मात्र त्याच गावांमधून जातो.

प्राण्याबद्दल माझं मत थोडं अप्रिय आहे. दिवस अस्थिर असतील तर साइट्स करारात (वन्य प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधनं घालणारा करार) न येणारा प्राणी निवडा. कुडू, इम्पाला, गेम्सबॉक, वॉर्टहॉग यांना साइट्सचा परवाना लागत नाही. बिबट्या साइट्सच्या पहिल्या, सगळ्यात कडक परिशिष्टात आहे, म्हणजे निर्यात आणि आयात दोन्ही परवाने हवेत. त्यातला एक देश जरी अडून बसला तरी सगळं अडलं. अडण्यासाठी दंगल किंवा युद्धच व्हायला हवं असंही नाही. २०२२ मध्ये केपटाउनच्या उच्च न्यायालयाने त्या वर्षीच्या बिबट्या, हत्ती आणि काळ्या गेंड्याच्या कोट्याला अंतरिम स्थगिती दिली. एप्रिल २०१४ मध्ये अमेरिकेने झिम्बाब्वेतून येणाऱ्या हत्तीच्या ट्रॉफींची (मारलेल्या प्राण्याचे घरी नेलेले दात, शिंगं, कातडं) आयात एका घोषणेने थांबवली. झिम्बाब्वेत हत्तीची शिकार तेव्हाही कायदेशीरच होती, फक्त ट्रॉफी अमेरिकेत घरी नेता येत नव्हती. दोन-तीन देशांच्या कागदांवर अवलंबून असलेला प्राणी शांत वर्षासाठी ठेवा.

पैसे देण्याआधी

आउटफिटर निवडताना लोक फोटो बघतात, शिंगांच्या लांब्या विचारतात. मी एकच विचारते: "२०२० मध्ये आलेल्या डिपॉझिटचं तुम्ही काय केलं?" सरळ उत्तर देणारे असतात. पुढच्या हंगामात ढकललं, अर्धं परत केलं, आमच्याकडेही पैसे नव्हते म्हणून हप्त्यांनी दिलं. यातलं कुठलंही उत्तर मला चालतं. "काळजी करू नका, आमच्याकडे असं कधी होत नाही" हे एक उत्तर चालत नाही.

त्याच वर्षी अडकलेल्या दोन जुन्या ग्राहकांचे नंबर मागा, हंगाम छान गेलेल्यांचे नकोत. आणि विचारा, कन्सेशन (म्हणजे त्या जमिनीवर शिकार चालवण्याचा हक्क) कोणाच्या नावावर आहे, भाडेपट्टा किती वर्षांचा उरलाय, यंदा किती प्राणी मारता येतील याचं कोटा पत्र आलंय की यायचंय. जमीन खासगी असेल तर हे प्रश्न सोपे. सरकारी कन्सेशन असेल तर नवीन मंत्री आल्यावर ते दुसऱ्याला गेलेलं मी पाहिलंय, तेही बुकिंग घेऊन झाल्यावर.

करार लेखी हवाच. त्यातलं "दैवी आपत्ती"चं कलम लोक वाचतच नाहीत. त्यात युद्ध, दंगल, सीमाबंदी, सरकारने शिकार थांबवणं, आणि तुमच्या स्वतःच्या देशाने घातलेली प्रवासबंदी, हे सगळं नाव घेऊन लिहिलेलं हवं. शेवटची बाब नेमकी सुटते. यजमान देश उघडा, कॅम्प चालू, पीएच (प्रोफेशनल हंटर, तुमच्यासोबत राहणारा व्यावसायिक शिकारी) गाडीपाशी उभा, आणि तुम्हाला तुमच्याच देशाने अडवलंय. असं झालं तर आउटफिटर म्हणणार, "आम्ही तयार होतो, तुम्ही आला नाहीत." नोव्हेंबर २०२१ मध्ये ओमायक्रॉनमुळे ब्रिटन, युरोप आणि अमेरिकेने दक्षिण आफ्रिका, नामिबिया, झिम्बाब्वे, बोट्सवाना यांच्यावर दोन-चार दिवसांत निर्बंध लादले, तेव्हा असंच झालं होतं. जून २०२५ मध्ये अमेरिकेने चाडसह बारा देशांच्या नागरिकांना प्रवेशबंदी केली, तर चाडने उलट अमेरिकनांना व्हिसा देणं थांबवलं. अशा वेळी करारातल्या त्या एका ओळीवर सगळं अवलंबून असतं.

मला बरं वाटणारं कलम साधारण असं असतं: साठ दिवस आधीपर्यंत तारीख बदलायला दंड नाही. त्यानंतर बदलली तर दिवसाचा दर पुढच्या दोन हंगामांत वापरता येईल, आजच्याच दराने. "आजच्याच दराने" हे शब्द आग्रहाने घालून घ्या. ट्रॉफी फी, म्हणजे प्रत्येक प्राण्यामागची रक्कम, आगाऊ देऊ नका. ती प्राणी पडल्यावर किंवा जखमी झाल्यावर द्यायची असते. जखमी होऊन निसटला तरी पैसे लागतात. नवख्यांना हे सांगून ठेवावं लागतं, नाहीतर शेवटच्या संध्याकाळी भांडण ठरलेलं.

पैसे पोचतील कसे हेही आत्ताच बघा. मार्च २०२२ पासून रशियाबाहेर काढलेली व्हिसा आणि मास्टरकार्डची कार्डं रशियात चालत नाहीत. कामचात्काच्या अस्वलाचं बुकिंग असलेल्यांना अचानक डिपॉझिट परतही मागता येईना आणि उरलेली रक्कम पाठवताही येईना. पैसे पाठवण्याआधी बँकेत त्या देशाचं आणि त्या कंपनीचं नाव सांगून विचारा. निर्बंधांच्या यादीत नाव असलं तर रक्कम मधल्या बँकेत आठवडेच्या आठवडे अडकून राहते, आणि तोवर आउटफिटर म्हणत राहतो की पोचली नाही.

बंदूक घरी ठेवा

यावर माझी सगळ्यांशी भांडणं होतात. आजोबांची रायफल, हाताला बसलेला दस्ता, वर्षानुवर्षांची सवय, सगळं मान्य. तरी सांगते, अनिश्चित काळात स्वतःची बंदूक नेणारा प्रवासी सगळ्यात जास्त अडकलेला असतो. बाकीचे लोक पर्यायी विमान घेतात. त्याला घेता येत नाही.

का ते बघा. रायफलीचा परवाना माणसाला मिळत नाही, मार्गाला मिळतो. तुम्ही ॲमस्टरडॅममार्गे जाणार असाल तर नुसत्या ट्रान्झिटलाही डच कस्टम्सची संमती लागते. आखाती शहरातून जाणार असाल तर एअरलाइनची आगाऊ मंजुरी. २३ जून २०२५ ला कतारने संध्याकाळी हवाई हद्द बंद केली आणि दोहाकडे निघालेली विमानं वाटेतून दुसरीकडे वळली. बाकीच्यांना जे शहर मिळालं तिथून पुढचं तिकीट मिळालं. रायफलवाल्याची पेटी मात्र अशा देशात उतरली, जिथला एकही कागद त्याच्याकडे नव्हता. तिथले अधिकारी भले असले तर पेटी सील करून ठेवतात. नसले तर बेकायदा शस्त्र बाळगल्याचा गुन्हा.

परतीला तर जास्त गुंता. तात्पुरत्या आयातीचा परवाना म्हणजे बंदूक परत नेण्याची तुम्ही दिलेली हमी. शेजारच्या देशातून बाहेर पडायची वेळ आली तर तो कागद पलीकडे चालत नाही, आणि बंदूक मागे ठेवून गेलात तर परवान्याचा भंग. कॅम्पवर बातमी येते की नाकं बंद झालंय, सगळे जण गाडीत बसून दुसऱ्या सीमेकडे निघतात, आणि तुम्ही रायफलीची पेटी मांडीवर घेऊन विचार करत बसता.

तेव्हा भाड्याची घ्या. बहुतेक आउटफिटरकडे .३०८ किंवा .३००, आणि म्हशी-हत्तीसाठी .३७५ असते. अनेक देशांत धोकादायक प्राण्यांसाठी .३७५ हीच किमान मानतात. आधी रायफलीचे फोटो मागवा: स्कोप (वरची दुर्बीण) कोणता, ट्रिगर कसा, दस्त्याची लांबी किती. डावखुरे असाल तर आजच सांगा, डाव्या हाताची बोल्ट ॲक्शन (बोल्ट म्हणजे खिट्टी हाताने ओढून काडतूस भरायची रायफल) सगळीकडे नसते. घरी त्याच कॅलिबरच्या रायफलीवर, शूटिंग स्टिक्सवर (रायफल टेकवायच्या काठ्यांवर) टेकून सराव करा. टेबलावरून नको. पोचल्यावर पहिला अर्धा दिवस नेमबाजी जुळवण्यासाठी करारातच लिहून घ्या. आपलीच स्कोप न्यायची हौस असेल तर न्या, पण थर्मल किंवा नाइट व्हिजन नको. त्यांच्यावर कित्येक देशांत लष्करी उपकरणांचे नियम लागतात, आणि अमेरिकेतून बाहेर नेताना निर्यात परवान्याचाही प्रश्न येतो.

एवढं ऐकूनही नेणारच असाल तर नीट न्या. दक्षिण आफ्रिकेसाठी तिथल्या पोलिसांचा एसएपीएस ५२० नावाचा अर्ज असतो. तो काळ्या शाईने भरायचा आणि सही मात्र करायची नाही. सही पोलिस अधिकाऱ्याच्या समोर. घरून सही करून आणलेला फॉर्म तिथे बाजूला काढतात आणि तुम्ही काउंटरशेजारी उभं राहून सगळा पुन्हा लिहिता. वय किमान २१ हवं. एका बंदुकीमागे २०० काडतुसांपर्यंत परवानगी, एकाच कॅलिबरच्या दोन बंदुका नकोत, सेमी-ऑटोमॅटिक नाहीच. सोबत आउटफिटरचं निमंत्रणपत्र, मालकीचा पुरावा, परतीचं तिकीट.

आणि नंबर! जोहान्सबर्गच्या विमानतळावर अधिकारी पेटी उघडायला लावतो, बोल्ट काढतो, टॉर्च तिरकी धरतो आणि धातूवर कोरलेला नंबर एकेक अक्षर बोटाने मोजत वाचतो. आमच्या एका ग्राहकाच्या परवान्यावर शून्य होतं आणि रायफलीवर ओ हे इंग्रजी अक्षर. परवाना देणाऱ्या कारकुनाने बरोबर तेच वाचलं होतं जे कोणीही वाचलं असतं. तीन तास गेले, पुढचं विमान गेलं, आणि शेवटी वरिष्ठांनी भिंग मागवलं. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगते: नंबरावर खडू घासा, जास्तीचा पुसा, जवळून फोटो काढा, आणि परवान्याशी अक्षर अन् अक्षर ताडून बघा. फरक असेल तर घरीच दुरुस्त करून घ्या. विमानतळावर दुरुस्ती होत नसते.

काडतुसं वेगळ्या बंद डब्यात, चेक-इन सामानात, एकूण वजन ५ किलोच्या आत. ही वरची मर्यादा आहे, काही एअरलाइन्स त्याहून कमी नेऊ देतात. दोन एअरलाइन्स बदलून जाणार असाल तर ज्या कंपनीचा नियम कडक तो पाळा. शक्यतो सगळा प्रवास एकाच तिकिटावर करा. वेगवेगळी तिकिटं काढली तर मधल्या शहरात बंदूक ताब्यात घेऊन बाहेर यावं लागतं, आणि बाहेर आलात म्हणजे तिथली आयात झाली.

विमान, लस, विमा

मार्ग निवडताना मी मधली शहरं मोजते. थेट विमान महाग असलं तरी घ्या. नसेलच तर एकच थांबा, आणि तो कुठल्या भांडणाच्या हवाई हद्दीखाली नको. परतीच्या तिकिटाची तारीख बदलता येते का, फरक किती पडतो, हे आधीच विचारून लिहून ठेवा. शिकारीच्या ट्रिपला मी परतीचं तिकीट बदलता येणारंच काढते. जातानाचं साधं चालतं.

पिवळ्या तापाच्या लशीकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. तुम्ही ज्या देशात जाताय तिथे ताप नाही म्हणून लस घेतली नाही, ठीक. पण विमान वळलं, अदिस अबाबा किंवा नैरोबीत बारा तासांहून जास्त अडकलात, तर दक्षिण आफ्रिका त्या लशीचं प्रमाणपत्र मागते. लस घेतल्यावर दहा दिवसांनी ती ग्राह्य धरतात, म्हणजे विमानतळावर घेऊन उपयोग नाही. २०१६ पासून हे प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं. डॉक्टरांना विचारा, चालत असेल तर एकदा घेऊन टाका. प्रमाणपत्राचं पिवळं पुस्तक पासपोर्टच्याच पाकिटात ठेवा.

पासपोर्ट परतीनंतर सहा महिने चालणारा आणि दोन कोरी पानं असलेला हवा. पर्यायी सीमेवरून बाहेर पडलात तर जास्तीचे शिक्के लागतात, म्हणून मी चार कोरी पानं मागते. गटात वेगवेगळ्या देशांचे पासपोर्ट असतील तर प्रत्येकाचे नियम वेगळे काढा. "सगळ्यांना व्हिसा ऑन अरायव्हल" असं गटातला एखादा छातीठोकपणे सांगतो, ते त्याच्या पासपोर्टपुरतं खरं असतं.

विमा डिपॉझिट भरलं त्याच आठवड्यात घ्या. गडबड बातम्यांत आल्यावर घेतलेली पॉलिसी त्या गडबडीसाठी उपयोगाची नसते, ती "माहीत असलेली घटना" ठरते. युद्ध आणि अंतर्गत अशांतता वगळलेली आहे का बघा, बहुतेक स्वस्त पॉलिसींमध्ये असते. तुमच्या सरकारने त्या भागात जाऊ नका असा इशारा दिलेला असेल तरी दावा फेटाळला जाऊ शकतो. शिकार हा शब्द पॉलिसीत स्पष्ट लिहून घ्या, "साहसी खेळ" या नावाखाली ती येते असं गृहीत धरू नका. आजारी माणसाला उचलून नेण्याचं कलम वेगळं असतं. जंगलातल्या मातीच्या धावपट्टीवर रात्री विमान उतरत नाही, त्यामुळे संध्याकाळी झालेल्या अपघाताला मदत सकाळी येते. तोवर कॅम्पवर काय औषधं आहेत, रक्त थांबवायला काय आहे, हे आउटफिटरला विचारायला लाजू नका.

बॅग आणि कॅम्प

कॅमफ्लाज कपडे नेऊ नका. झिम्बाब्वे आणि झांबियात साध्या नागरिकाने लष्करी नक्षीचे कपडे घालणं गुन्हा आहे. शिकाऱ्यांच्या बॅगेत नेमके तेच असतात. खाकी, फिकट हिरवा, मातकट, बस. एरवी टोपीवरून कोणी काही म्हणत नसेलही, पण सत्तापालटाच्या आठवड्यात नाक्यावरच्या तरुण सैनिकाला तुम्ही कोण वाटाल याचा विचार करा. त्यात गाडीत लांब पेटी. नाक्यावर बोल्ट काढलेला, काडतुसं वेगळी, कागद वरच्या खिशात, आणि बोलणं फक्त पीएचने करायचं. फोटो अजिबात नाही. ड्रोन घरी.

इंटरनेट बंद होणार असं धरूनच चला. बोर्डिंग पास, परवाने, विमा, दूतावासाचा नंबर, आउटफिटरचा पत्ता, सगळं छापून दोन प्रती, एक स्वतःकडे, एक सोबत्याकडे. नकाशा फोनवर उतरवून ठेवा. उपग्रह फोन किंवा संदेश पाठवणारं यंत्र खूप कामाचं असतं, पण भारतासह काही देशांत ते विनापरवाना जवळ असणंच गुन्हा आहे, आणि तुमचं विमान तिथे वळू शकतं. कॅम्पवर आउटफिटरचं यंत्र असेल तर तेच वापरा.

थोडी रोकड डॉलरमध्ये, लहान आणि नव्या, न फाटलेल्या, न लिहिलेल्या नोटांत. एटीएम बंद झालं की गाडीवाला आणि पेट्रोल दोन्ही रोखीवर चालतात. देशात शिरताना किती जाहीर करायची तो आकडा बघा आणि जाहीर करा. जाताना तीच पावती दाखवावी लागते.

पहिल्या संध्याकाळी शेकोटीपाशी पीएचला विचारा: "उद्या रस्ता बंद झाला तर आपण कुठून बाहेर पडतो?" चांगला पीएच लगेच मातीत काठीने रेघा ओढतो. इथे धावपट्टी, इथे दुसरं नाकं, इतके लिटर डिझेल ड्रममध्ये, नदीला पाणी असेल तर हा रस्ता नाही. जो हसण्यावारी नेतो त्याला दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा विचारा. दूतावासाच्या नोंदणीत कॅम्पचं नाव देऊन भागत नाही, अक्षांश-रेखांश द्या. कॅम्पचं नाव राजधानीत बसलेल्या माणसाला माहीत नसतं.

निघायचं कधी हे आधीच ठरवून ठेवा, कारण शिकारी माणूस शेवटच्या दिवशीही "अजून एक सकाळ" म्हणतोच. माझ्या लोकांना मी तीन खुणा देते. राजधानीचा विमानतळ बंद, तुमच्या दूतावासाने कर्मचाऱ्यांचे कुटुंबीय हलवले, किंवा कॅम्पवरचे स्थानिक लोक घरी जायला निघाले. यातलं एक झालं तरी बॅग भरायची. तिसरी खूण सगळ्यात आधी दिसते.

ट्रॉफी

तुम्ही परत आलात तरी कातडं आणि शिंगं तिथेच असतात. ती मिठात खारवून, वाळवून, औषधात बुडवून, खोक्यात भरून यायला कित्येक महिने लागतात, आणि तेवढ्या काळात कायदा बदलू शकतो. साइट्सचा निर्यात परवाना सहा महिने चालतो, आयातीचा बारा. दोन्ही एकाच वेळी जिवंत असायला हवेत. जहाज रखडलं आणि निर्यात परवाना संपला तर माल बंदरात पडून राहतो आणि भाडं चढत जातं. म्हणून आयात परवाना हातात आल्याशिवाय निर्यातीचा काढू नका असं मी पाठवणाऱ्या एजंटला लेखी सांगते.

वाहतूकदारही बदलतात. झिम्बाब्वेत सेसिल नावाचा सिंह मारला गेल्यावर ऑगस्ट २०१५ मध्ये डेल्टा, युनायटेड आणि अमेरिकन या तिन्ही विमान कंपन्यांनी सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा आणि म्हैस यांच्या ट्रॉफी नेणं बंद केलं. म्हशीला साइट्सचं बंधन नाही, तरी ती यादीत आली. करारात वाहतुकीचा खर्च कोणाचा आणि माल अडकला तर साठवणुकीचं भाडं कोण भरणार, हे लिहून घ्या. खरं सांगायचं तर आमच्या कितीतरी लोकांनी आता शिंगं आणणंच सोडलंय. मोजमाप घेतात, चांगले फोटो काढतात, बाकी तिथेच. मांसही तसंच, ते बहुतेक ठिकाणी आणता येत नाही आणि कॅम्पच्या आसपासच्या गावात ते जातंच.

आणायचंच असेल तर कॅम्प सोडण्याआधी शिकारीच्या परवान्याची प्रत, पीएचची सही असलेली नोंद आणि प्रत्येक खोक्यावरच्या टॅगचा फोटो स्वतःकडे ठेवा. आउटफिटरचं ऑफिस बंद पडलं, सरकार बदललं, खात्यातला माणूस बदलला, तरी नव्या माणसासमोर ठेवायला तेवढं पुरतं. ट्रिप मध्येच मोडली असेल तर विम्याचा दावा करण्याची मुदत पॉलिसीत बघा. ती नेहमी परत आल्यापासून मोजत नाहीत, बऱ्याचदा घटना घडल्याच्या दिवसापासून मोजतात. तेव्हा विमानतळावर अडकून पडला असाल तर तिथूनच मेल टाका.